घटका भरू न देणारा घटिकापाळ

पूर्वी वेत्रपुरावर दीर्घबाहू राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने एका वैद्याच्या घरी जन्म घेतला होता. एका साली नगरात तापाची साथ आली. राजा दरबारासह टेकडीवर राहायला गेला. त्याने बोधिसत्त्वाला राजवैद्याचे पद देऊ करून सोबत बोलावले. बोधिसत्त्वाने नम्रपणे नकार कळवला, कारण आजारी माणसे खाली नगरातच होती.

वेशीवर उत्पल नावाचा घटिकापाळ बसत असे. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची आणि ती भरून बुडाली, की "घटका भरली" असे ओरडून थाळीवर टोला द्यायचा, हे त्याचे काम. सात पिढ्यांत कोणाला त्या शब्दांत वावगे दिसले नव्हते. पण माणसे मरू लागली, तसे लोक ते ऐकून दचकू लागले. भरली ती कोणाची? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते खोटे नाही.

मग उत्पलची सहा वर्षांची लेक कौमुदीच तापाने अंथरुणाला खिळली. बोधिसत्त्वाने काढा दिला आणि तिच्या आईला सांगितले, दर दोन टोल्यांनी एक पळी द्यायची, चुकवायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी काठोकाठ भरत आली, तसा उत्पल घराकडे पाहू लागला. घर वेशीला लागूनच होते. लेकीच्या कानावर ते शब्द जातील, त्यातून काही अभद्र घडेल, असे त्याला वाटले. त्याने बुडण्याआधीच वाटी उचलली, रिती केली आणि पुन्हा सोडली. मग तेच पुन्हा केले. पुढे तर वाटी किती भरली हे बघायला तो दर थोड्या वेळाने ती वर काढू लागला. कितीदा रिती केली, ते त्यालाच आठवेना. ऊन डोक्यावर आले होते, पण सकाळ कुठे गेली ते कळत नव्हते.

नगराची त्रेधा उडाली. बाजार कोणी उघडला, कोणी आवरला. पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची, यावरून शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला. एका म्हातारीने दोनदा भात शिजवला आणि वर मुलालाच दरडावले.

बोधिसत्त्व कौमुदीला पाहायला आला, तेव्हा तिचे अंग तव्यासारखे तापले होते. काढा तसाच पडून होता. टोला झालाच नाही, मग पळी कशी देणार, असे आई रडवेली होऊन म्हणाली. बोधिसत्त्वाने आधी लेकीला काढा पाजला आणि मग तो वेशीवर गेला. उत्पल ओली वाटी हातात धरून बसला होता.

"बुडाली, की भरली म्हणावं लागेल," उत्पल म्हणाला. "म्हणून बुडू देत नाही, वैद्यराज."

"तुझ्या लेकीचं औषध त्याच टोल्याची वाट बघत होतं, उत्पला."

उत्पलला हुंदका आवरेना. बोधिसत्त्व त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

"भरली, की टोला द्यायचा. वाटी रिकामी करायची, परत सोडायची. मधल्या वेळात नुसतं बसायचं. भीती वाटली, तरी हात न लावता बसायचं."

वाटी सोडली. ती घटका उत्पलला युगासारखी गेली. हात तीनदा पुढे आला, तीनदा मागे गेला. शेवटी वाटी बुडाली. फाटक्या आवाजात तो ओरडला आणि त्याने टोला दिला. दुसऱ्या टोल्यानंतर घरातून पळीचा आवाज आला.

तिसऱ्या दिवशी वाटी बुडाली, तरी उत्पल क्षणभर घुटमळलाच. तेवढ्यात घरातून बारीक आवाज आला, "बाबा, टोला द्या ना. माझी पळी राहिली."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, पुंडरीक नावाच्या भिक्खूला सांगितली. त्याच्याही काळी साथ आली होती; तिच्या धास्तीने तो ध्यानाला बसे आणि मन शांत झाले का, हे पाहायला घडोघडी उठे. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा उत्पल तो तूच. कौमुदी म्हणजे ही भिक्षा घेऊन आलेली उपासिका सुमना. आणि तो वैद्य मी होतो. वाटीला हात न लावता बसणं, यालाच क्षांती, धीर धरणं, म्हणतात."

पुंडरीक परत आसनावर जाऊन बसला.