शनिवारी चाललेला घाणा

भाविकजनहो, खाडीकाठच्या केतकवेळ गावी धोंडीराज महाराज उंडीच्या झाडाखाली झोपडी करून राहत होते, त्या काळची ही हकिकत. महाराज कोणाला ताईत देत नसत. येईल त्याला पेज वाढीत आणि त्याचं ऐकून घेत. त्यांच्या भक्तांत हिरू तेली हा एक भोळा जीव. तो सोमवार तेली, म्हणजे सोमवारी बैल महादेवाचा म्हणून घाण्याला जुंपत नसे. पलीकडच्या आळीतला हसाजी शनिवार तेली, इस्रायल लोकांपैकी, म्हणजे यहुदी. शुक्रवारी दिवस मावळला की तो घाणा सोडी, तो शनिवारची सांज होईपर्यंत त्याला हात लावत नसे.

तशात समुद्रावरून परकी फौज आली आणि किनारा बळकावून बसली. हुकूम सुटला, शनिवार पाळणाऱ्यांना धरून द्या. जो लपवील त्याचं घर जाळू. त्याच दिवशी हसाजी, त्याची बायको सारूबाई आणि तान्ही लेक हिरूच्या दारात येऊन उभी राहिली. हिरूच्या बायकोनं, चांगुणेनं, काही न विचारता भाताचं आधण वाढवलं. हिरूच्या जिवाला मात्र घोर लागला. तो महाराजांकडे धावला.

“महाराज, आसरा तर दिला. पण माझ्या देव्हाऱ्याशेजारी ती आपल्या देवाची प्रार्थना करतात. चालंल का?”

महाराज हसले. “अरे वेड्या, पाहुणा घरात घ्यायचा आणि त्याचा देव काय वेशीवर उभा करायचा?”

“आणि शिपायांनी विचारलं तर? माळ घालताना खोटं न बोलायचा शब्द दिलाय तुम्हाला.”

“तू दार उघड. उत्तराचं बघणारा बघील.”

हिरू निश्चिंत झाला, जरा जास्तच निश्चिंत! पाहुण्यांच्या विसाव्यात कुरकुर नको म्हणून शनिवारीही त्यानं घाणा बंद ठेवला. बिचाऱ्याची माया, पण तीच अंगाशी आली. गावचा दाजी खोत एरवीही महाराजांची ‘पेजवाले बुवा’ म्हणून टवाळी करी. त्यानं ही शांतता बरोबर हेरली.

“सोमवारी बंद, शनिवारीही बंद? दोन दोन देव पोसतोस का रे, हिरू?” असं म्हणत तो हसला, आणि पुढच्या शनिवारी शिपाई घेऊनच आला.

त्या सकाळी महाराज आपणहून हिरूच्या ओट्यावर येऊन बसले होते. शिपाई अंगणात शिरले तसा हिरू दाराला पाठ लावून उभा राहिला. घाणा मागच्या पडवीत, बैल माळावर चरायला गेलेला, आणि घाण्यापलीकडे सारूबाई तान्हीला निजवून बसलेली, हसाजी डोक्यावरून चादर घेऊन प्रार्थनेत बुडालेला. “उघड,” महाराज म्हणाले. हिरूनं दार उघडलं.

जमादारानं पडवीत पाऊल टाकलं आणि कान झाकून घेतले. “केवढा हा आवाज! बैल थांबव तुझा!”

हिरू बघतच राहिला. घाणा जागचा हललाही नव्हता. त्याला तर तान्हीचा श्वास ऐकू येत होता. पण शिपाई, तिथं नसलेल्या बैलाला वाट देत भिंतीला चिकटून चालले, हसाजीच्या अगदी पुढ्यातून, तो न दिसता गेले, आणि एकानं तर कोरड्या घाण्यात बोट बुडवून तेल चाखलं नि मान डोलावली! हिरूच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही.

“म्हणे घाणा बंद!” जमादार खोतावर उखडला. “आमची थट्टा करतोस? बांधा याला!”

खोत हिसडा देऊन पळाला. शिपाई त्याच्यामागे धावले. गावात त्याला कोणी दारात उभं करेना. शेवटी कुंपणांतून लपतछपत तो पुन्हा हिरूच्याच परसात आला.

“हिरू, मारतील रे मला!”

हिरूनं महाराजांकडे पाहिलं. ते आता पडवीत येऊन बसले होते. मग हिरूच म्हणाला, “या दाजी, आत या.”

खोत पडवीत शिरला. घाण्यात तिळाचा दाणा नाही, बैल अजून माळावर, आणि समोर तीच माणसं, जी तो धरून द्यायला आला होता. हसाजीनं त्याला ओळखलं. त्यानं लेकीला उचलून मांडीवर घेतलं आणि चटईवर सरकून खोताला जागा करून दिली.

खोताला हुंदका फुटला. त्यानं हसाजीच्या पायांवर डोकं ठेवलं, मग महाराजांच्या पाया पडायला वळला.

“तिथं ठेवलंस ते मला पोचलं,” महाराज म्हणाले. “आता रडू नको. तान्ही उठेल.”

आणि केतकवेळचा तो ताठ मानेचा खोत, तान्हीच्या पायाशी मान खाली घालून, सांज होईपर्यंत चिडीचूप बसून राहिला.