टाकीचा थेंब कुणी अडवला

विसूकाकांच्या गच्चीवर एक नवी टाकी होती. गोल. लठ्ठ. गरम पाण्याची.

टाकीला एक काटा होता. टाकी शांत, तर काटा हिरव्यावर. टाकी रागावली, तर काटा लालवर.

टाकीला एक व्हॉल्व्ह होता. टाकी फार फुगली, की तो थेंब सोडायचा. टप्प.

टाकीखाली राहायची पिटुकली पाल. ती रोज तो थेंब प्यायची. तेवढंच तिचं पाणी.

एकदा काकांनी थेंब पाहिला.

"अरेरे, पाणी वाया चाललंय."

रखमाजी मिस्त्री आला. त्याने व्हॉल्व्हला बूच मारलं. ठक ठक ठक.

थेंब थांबला. पाल वाट बघत बसली. जीभ कोरडी झाली.

टाकी आतून म्हणाली, "गुड."

पाल निघाली. सरसर सरसर. पायरीवर भेटला रखमाजी मिस्त्री. चहा पीत होता. फुर्र.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा,
बूच थेंब सोडेना.
मी पिऊ काय?
तुम्ही बूच काढा."

"बूच मारायचं नसतं, ते मला ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाला. "पण काकांनी सांगितल्याशिवाय मी बूच काढत नाही." फुर्र.

टाकी म्हणाली, "गुडगुड."

पाल निघाली. सरसर सरसर. खुर्चीत भेटले विसूकाका. पेपर वाचत होते. फडफड.

"काका, काका,
मिस्त्री बूच काढेना.
बूच थेंब सोडेना.
मी पिऊ काय?
तुम्ही मिस्त्रीला सांगा."

"मी शिकलेला माणूस आहे," काका म्हणाले. "काटा लाल दाखवल्याशिवाय मी मिस्त्रीला सांगत नाही." फडफड.

टाकी म्हणाली, "गुडगुडगुड."

पाल निघाली. सरसर सरसर. गच्चीवर भेटला काटा. डोक्यावर लोकरीची टोपी. टोपीला गोंडा. शालूकाकूंनी विणलेली. नव्या काट्यावर धूळ बसायला नको ना.

"काटेभाऊ, काटेभाऊ,
काका मिस्त्रीला सांगेना.
मिस्त्री बूच काढेना.
बूच थेंब सोडेना.
मी पिऊ काय?
तू लाल दाखव."

"मी कधीचा लाल आहे गं," काटा टोपीतून म्हणाला. "पण काकूंनी टोपी काढल्याशिवाय मी दाखवू कसा?"

टाकी म्हणाली, "गुडगुडगुडगुड."

पाल निघाली. सरसर सरसर. स्वयंपाकघरात भेटल्या शालूकाकू. पोहे परतत होत्या. चर्र.

"काकू, काकू,
काटा लाल दाखवेना.
काका मिस्त्रीला सांगेना.
मिस्त्री बूच काढेना.
बूच थेंब सोडेना.
मी पिऊ काय?
तुम्ही टोपी काढा."

"आठवडा लागला विणायला," काकू म्हणाल्या. "गोदूआत्या आल्यात पाहुण्या. त्यांनी टोपी पाहिल्याशिवाय मी टोपी काढत नाही." चर्र.

टाकी म्हणाली, "गुडगुडगुडगुडगुड."

पाल निघाली. सरसर सरसर. पलंगावर भेटल्या गोदूआत्या. गुडघे चोळत होत्या. आई गं, आई गं.

"आत्या, आत्या,
काकू टोपी काढेना.
काटा लाल दाखवेना.
काका मिस्त्रीला सांगेना.
मिस्त्री बूच काढेना.
बूच थेंब सोडेना.
मी पिऊ काय?
तुम्ही टोपी पाहा."

"चोवीस पायऱ्या?" आत्या म्हणाल्या. "पाणी आधी चांगलं कढत होऊ दे. गुडघे शेकल्याशिवाय मी उठत नाही."

टाकी म्हणाली, "गुडगुडगुडगुडगुडगुड." फळीवरची पातेली हलली.

"नवी वस्तू आहे," आत्या म्हणाल्या. "बोलणारच."

पाल भिंतीवर बसली. सगळे मोठे. सगळे शहाणे. आपलंच चुकतंय का? तिने पुन्हा विचार केला. जीभ तर कोरडीच होती.

पाल वर चढली. सरसर सरसर. छतावर गेली. खाली आत्यांचा अंबाडा.

थप्प.

"अगं बाई, पाल," आत्या म्हणाल्या.

आणि आत्या उठल्या. धडधड धडधड. चोवीस पायऱ्या. गुडघे कुठे गेले, कुणास ठाऊक. पाल अंबाड्यावर बसून गच्चीवर आली. मागून काकू. मागून काका. मागून मिस्त्री.

आत्यांनी टोपी पाहिली.
मग काकूंनी टोपी काढली.
मग काट्याने लाल दाखवलं.
मग काकांनी मिस्त्रीला सांगितलं. हळूच सांगितलं.

मिस्त्रीने आधी टाकी तापवायचं बटण बंद केलं. खटक. मग सगळ्यांना लांब उभं केलं. मग खालचा नळ सोडला. सूं सूं सूं. काटा हळूहळू हिरव्यावर आला. टाकी गार झाली.

मग मिस्त्रीने बूच काढलं.

टाकी म्हणाली, "हुश्श."

"बरं झालं, मी वेळेवर सांगितलं," काका म्हणाले.

"मला तर आधीपासून ठाऊक होतं," मिस्त्री म्हणाला.

टाकीला कुणी घाबरलं नव्हतं. घाबरले होते इवल्याशा पालीला.

दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा तापली. पाल खाली बसली. वाट बघत.

टप्प.

थेंब गरम होता. पालीने फुंकर घातली. फू फू. मग चाटला. सगळा.

तेवढ्यात काकू लोकर घेऊन आल्या. "व्हॉल्व्ह उघडाच दिसतो," त्या म्हणाल्या. "त्यालाही एक टोपी विणते."

पालीने काकूंच्या अंबाड्याकडे पाहिलं.

काकूंनी लोकर पिशवीत ठेवली.

टाकी निवली, गोष्ट निवली. थेंब ज्याचा, त्याला मिळाला.