पन्ह्याचा पेला आणि राणीचे हसू

एका राज्यात, जिथे झाडे संध्याकाळी आपसांत बोलत आणि माणसे त्यांना मध्येच तोडत नसत, यशोधर नावाचा राजा होता आणि कुमुदिनी नावाची त्याची राणी होती. दोघांचे केस पिकू लागले होते. पण राणी हसली की राजाला अजून वाटे, आपण आजच बोहल्यावरून उतरलो.

एके सकाळी राणी म्हणाली, "महाराज, एकदा तरी चारचौघांसारखे बाहेर जेवू या. भालदार नकोत, चोपदार नकोत."

राजाला बेत आवडला. राजाराणी साध्या वेषात निघाली. रानाच्या कडेला झांबर नावाच्या जादूगाराची खाणावळ होती. तिची कीर्ती मोठी होती, कारण कीर्ती सांगायला त्याने पोपट ठेवले होते.

दोघे पाटावर बसली. पाने वाढली गेली. वरण इतके पातळ की त्यातून पानाच्या शिरा दिसत. पुऱ्या गार. भाजी अळणी. मीठ मागितले तर वाढपी माकड म्हणाले, "विचारून येतो," आणि पुन्हा काही ते दिसले नाही. राणीने पन्ह्याचा एक पेला मागवला. भाव तिने विचारला नाही, राजानेही नाही. राजाराण्यांना भाव विचारायची सवयच नसते.

जेवण झाल्यावर एक साळुंकी वाशावर येऊन बसली आणि हिशेब सांगू लागली. "दोन पाने, चार मोहरा. मागितलेले मीठ, एक मोहर. खिडकीतला वारा, एक मोहर. पन्हे, दोन पेले."

"पेला एकच घेतला," राजा म्हणाला.

"दुसऱ्याकडे बाईसाहेबांनी पाहिले होते."

राजाने मोहरा ठेवल्या. "पन्ह्याचे किती?"

"ते मोहरांत नसते," साळुंकी म्हणाली. "ते आम्ही घेतले."

राजाने राणीकडे पाहिले. तिचे ओठ हलले, पण हसू आले नाही. फळीवर काचेच्या कुप्या मांडल्या होत्या. शेवटच्या कुपीत काहीतरी सोनेरी लुकलुकत होते. राजाने त्या कुपीकडे हात नेला.

इतक्यात झांबर बाहेर आला. उंच, हडकुळा, गाल बसलेले. "हसू परत हवे तर माझी तीन कामे कर," तो म्हणाला. "सूर्य मावळला की ते उद्याच्या पन्ह्यात कालवीन."

"सांगा," राजा म्हणाला.

"परसातल्या विहिरीचे पाणी आण."

विहीर चपळ होती. घागर दिसली की पळे. राजा तिच्यामागे बोरीच्या काट्यांतून धावला, धोतर फाटले, पागोटे उडाले. अखेर तो धापा टाकीत मातीत बसला. दमलेला माणूस पाहून विहिरीला राहवेना. ती हळूच त्याच्या पायांशी आली.

"आता चूल पेटव."

चूल रुसली होती. घातलेले लाकूड थुंकून टाकी. साळुंकी राजाच्या कानाशी येऊन म्हणाली, "महाराज, तिला कधी कुणी सारवले नाही." राजाने बाह्या सरसावल्या, शेणमाती कालवली, आयुष्यात पहिल्यांदा चूल सारवली आणि तिला हळदकुंकू वाहिले. चूल लाजली, मग भडभडून पेटली.

"आता मला जेवू घाल," झांबर म्हणाला, "आणि माझ्या तोंडून 'पुरे' म्हणवून दाखव."

साळुंकीने मान खाली घातली. "धन्याने एकदा भुकेला वाटसरू दारातून हाकलला होता. त्याचा शाप आहे, महाराज. धन्याचे पोट कधी भरत नाही. भले भले आचारी हरले."

राजाने भाकऱ्या थापल्या. एकही गोल झाली नाही. एक तर हुबेहूब शेजारच्या राज्यासारखी झाली. त्याने पाट मांडला, भाकरीवर लोणी ठेवले आणि झांबरला हात धरून बसवले.

"याचे किती?" झांबरने विचारले.

"पाहुण्याने विचारू नये. जेवावे."

झांबर जेवू लागला. सूर्य कलला. राजा वाढत राहिला. "अजून अर्धी घ्या, माझ्यासाठी." पिठाचा डबा खडखडला. दिवस बुडता बुडता राजाने शेवटची भाकरी पानात ठेवली.

झांबरचा हात थांबला. "तू जेवलास?"

"पाहुण्याआधी यजमान कसा जेवेल?"

"पीठ तर संपले."

"संपू द्या. गरम आहे तोवर घ्या."

झांबर त्या भाकरीकडे पाहत राहिला. त्याच्या पानासमोर लोक आजवर हिशेबासाठी उभे राहिले होते, त्याच्यासाठी उपाशी कुणी उभे राहिले नव्हते. त्याने दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"पुरे," तो म्हणाला. "बस बाबा. ही तू खा."

फळीवरच्या कुप्या एकामागून एक तडकल्या. म्हाताऱ्यांची खोकरी हसणी, नव्या नवऱ्यांची दबकी हसणी, लेकरांची खिदळणी खिडक्यांतून बाहेर पडली आणि आपापल्या घरांच्या वाटेला लागली. झांबरने तृप्तीची ढेकर दिली. त्याचे बसलेले गाल भरून आले.

राणीने राजाकडे पाहिले. मिशीला पीठ, नाकाला काजळी, धोतराला शेण. ती हसू लागली ती थांबेचना. पदर तोंडाला लावून तिने भाकरीचा तुकडा मोडला, अर्धा त्याला भरवला, अर्धा आपण खाल्ला.

"करपली आहे, महाराज," ती म्हणाली.

"थोडी," राजा म्हणाला, आणि तोही हसला.

झांबरने मोहरा परत केल्या. पोपटांना त्याने सुट्टी दिली. तेव्हापासून त्या खाणावळीत भाव आधी सांगत, पाने नंतर मांडत, आणि ज्याच्यापाशी काही नसे त्याला पहिल्या पंगतीला बसवत. जशी त्यांची पाने भरली, तशी तुमची भरोत. आणि तुम्हाला आग्रह करणारे कुणीतरी सदा समोर उभे असो.