लाल्याचा श्वास

घाटात अजून सडक झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. गुणाजी शेट म्हाताऱ्या लाल्या खेचरावर आणि तरण्या काळू घोड्यावर गुळाच्या ढेपा लादून वर न्यायचा. शेट काही वाईट नव्हता, पण चढ तिघांनाही सारखाच दमवायचा. लाल्याचे गुडघे तर पार थकले होते. म्हणून शेट ओझं बांधायचा त्याच्या पोटाखालचा पट्टा आवळायला लागला, की तो छाती भरून श्वास घ्यायचा आणि पोट फुगवून उभा राहायचा. शेटची पाठ वळली, की श्वास सोडायचा. पट्टा सैल, जिवाला तेवढाच आराम.

"मामा, हे एक दिवस अंगाशी येईल हं," काळू म्हणायचा.

"माझ्या वयाला ये, मग शिकव मला!"

एकदा चढावर लाल्याचं ओझं घसरून पोटाखाली गेलं आणि तो दरीच्या कडेलाच गुडघ्यांवर आदळला. शेटने कसंबसं त्याला ओढून घेतलं आणि त्याच्याही ढेपा काळूवर चढवल्या. दुप्पट ओझं घेऊन काळू पाय रोवत वर चढला.

पुढच्या खेपेला शेटने पट्टा हातात घेतला. सवयीने लाल्याची छाती भरली. तेवढ्यात त्याला शेजारी काळूची सोललेली पाठ दिसली. तिच्यावर माशा बसल्या होत्या.

लाल्याने सगळा श्वास सोडून दिला.

"आवळा शेट," तो म्हणाला, "आज चांगला आवळा."