जोड्यांपाशी ठेवलेला पहिला विडा

जांभुळगडच्या सदरेपुढे सात दगडी बैठका आहेत. पायऱ्यांसारख्या एकीवर एक चढत गेलेल्या. सर्वांत वर राजांच्या गादीचा चौथरा, आणि सर्वांत खाली, पाण्याच्या पाटाच्या काठाला, जोडे काढायची फरशी. दसऱ्याला इथे मानाचे विडे देतात. त्यातला पहिला विडा ठेवतात तो त्या फरशीवर. चपला-बुटांच्या मधोमध.

नवखा माणूस दचकतोच. एका वर्षी मंत्री यायचे होते, म्हणून राजशिष्टाचार खात्याचे एक साहेब सकाळीच यादी घेऊन आले होते. मंत्री कुठे, आमदार कुठे, जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची अध्यक्षांच्या डावीकडे की उजवीकडे, सगळं टाईप केलेलं. फरशीवरचा विडा पाहून, कुणाच्या हातून पडला असेल असं समजून ते उचलायला वाकले. आबाजी चोपदारांनी काठी आडवी घातली. आबाजींचं वय ऐंशीच्या पुढे.

"साहेब, तो जागेवरच आहे. तुमची यादी त्याच्यानंतर सुरू होते."

"पण हा मान कुणाचा? पद काय?"

"पाटकरी."

साहेबांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर. पाटकरी कुठेच नव्हता. तेव्हा आबाजींनी ही हकीकत सांगितली. ती ते बसून सांगत नाहीत, उभ्यानेच सांगतात.

फार जुनी गोष्ट, असं म्हणतात. गडाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता, त्याला मातीचा बांध. तलावाचा पाट सदरेच्या अंगणातून जायचा आणि खाली ओढ्याकाठच्या तीन आळ्यांना पाणी द्यायचा. साळ्यांची, कुंभारांची, माळ्यांची आळी. बांधाची राखण रायजी नावाच्या पाटकऱ्याकडे होती. त्या वैशाखात त्याचं लग्न झालं होतं. बायकोचं नाव ठकू. माहेरी तिला मुकी म्हणायचे, इतकी ती कमी बोलायची. पण बघायची मात्र सगळं.

त्या वर्षी परतीचा पाऊस उतला होता. दसऱ्याच्या दिवशी दुपारी, पाणी सोडायच्या मोरीशेजारी बांधातून गढूळ पाण्याची धार लागली. रायजीने काटक्या कोंबल्या, गोणपाट कोंबलं, शेवटी मातीला पाठ लावून तो स्वतःच उभा राहिला. ठकूला म्हणाला, "सदरेवर जा. नगारा वाजवायला सांग. नगारा झाला की तिन्ही आळ्या टेकडीवर चढतील. मीही तो ऐकला की पाठ काढीन. त्याआधी नाही काढायचो."

ठकू पळत सुटली. तिन्ही आळ्यांत दारोदार सांगत फिरण्याइतका वेळ नव्हता, हे तिला कळत होतं. सणाचं गाव, कोण घरात, कोण ओढ्यावर. नगाराच हवा होता. आणि नगारा वाजायचा फक्त राजांच्या शब्दावर. दुसऱ्या कुणी नगाऱ्याचं टिपरू उचललं, तर त्याचा हात मनगटापासून उतरवायचे म्हणे.

ती सदरेवर पोचली तेव्हा विडे वाटायला नुकती सुरुवात व्हायची होती. फरशीवर सात जोडे मांडलेले होते, तेही मानाप्रमाणे. जरीचे वर, साधे खाली. ठकूच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. चोपदाराने तिला तिथेच अडवलं.

"बांध फुटतोय. नगारा वाजवा," ती म्हणाली.

"निरोप कुणाचा?"

"आमच्या घरातनं."

"घराला नाव असतं, बाई. माणसाचं नाव सांग. बिननावाचा निरोप वर जात नाही."

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? पाच महिन्यांत तिने ते कधी ओठांवर आणलं नव्हतं. ती म्हणाली, "बांधावरचे. पाटकरी." चोपदार हसला. म्हणाला, "लाजायला बराच वेळ दिसतोय तुला." पण माणूस अगदीच वाईट नव्हता. तेवढ्यावर तो निरोप घेऊन वळला.

इथे आबाजी नेहमी थांबतात. म्हणतात, "तो आमचाच. आमच्या घराण्यातला."

सदरेची रीत अशी होती, की खालच्याने आपल्या लगेच वरच्यालाच बोलायचं. मधली पायरी ओलांडायची नाही. चोपदाराने मुजरा करून कोतवालाला सांगितलं. कोतवाल उठला, पागोटं सारखं केलं, पोतनिसाचे किताब म्हटले आणि मग निरोप दिला. पोतनिसाने फडणिसाला. फडणिसाने विचारलं, "फुटतोय, की फुटला? नीट विचारून घ्या." प्रश्न पायरीपायरीने खाली आला. ठकू म्हणाली, "फुटतोय! अजून धनी पाठ लावून उभे आहेत!" उत्तर पायरीपायरीने वर गेलं. प्रत्येक पायरीला तीन मुजरे. ठकू ते मोजत होती. मोजण्यावाचून हातात काही नव्हतं.

निरोप सबनिसापर्यंत पोचला आणि तिथे अडला. कारण त्याच सकाळी किल्लेदार आणि सरनौबत यांच्यात आधी कोण, यावरून वाद पेटला होता. दोघे एकाच बैठकीवर अर्धे अर्धे बसले होते. सबनिसाने सांगायचं कुणाला? त्याने दोघांच्या मधे, हवेत बघून सांगितलं. दोघांनीही ऐकलं. आणि दोघेही गप्प! कारण जो निरोप वर नेईल, तो खालचा ठरणार.

"आपण सांगा, किल्लेदार."

"छे, छे. मान आपला. आपणच सांगा, सरनौबत."

आयुष्यात पहिल्यांदाच ते एकमेकांना मान देत होते म्हणे.

त्यांच्या वरच्या बैठकीवर दिवाण. त्यांच्या कानावर सगळं पडत होतं. पण रीतीने सांगितलेलं नसेल तर ते ऐकलं असं धरत नसत, म्हणून ते समोर बघत राहिले. आणि राजे? राजांना नुसते ओठ हलताना दिसत होते. खालच्यांना आपण होऊन विचारणं गादीला शोभत नव्हतं. त्यांना वाटलं, रोजचंच भांडण.

ठकूला विश्वास बसेना. एवढी शहाणी, एवढी वयाची माणसं. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असून कुणी हलत नाही. एखादा तरी ओरडेल म्हणून ती एकेका तोंडाकडे बघत होती. सगळी तोंडं शांत होती. त्या शांतपणाची तिला पाण्याहून जास्त भीती वाटली.

तेवढ्यात तिच्या पायाला गार लागलं. पाट तुडुंब भरून फरशीवर आला होता. पाणी लाल. त्याने सातही जोडे उचलले आणि ते तरंगायला लागले. कोतवालाचा साधा जोडा दिवाणांच्या जरीच्या जोड्यापुढे गेला.

तेव्हा पहिल्यांदा सदर हलली. सरनौबत उभे राहून ओरडले, "जोडे! अरे, जोडे धरा, क्रम बिघडतोय!"

ठकूने डोईवरचा पदर कमरेला खोचला आणि ती चढली. कोतवालाच्या मांडीजवळून, फडणिसाच्या तबकावरून, किल्लेदार नि सरनौबत यांच्या बरोबर मधून. पांढऱ्या बिछायतीवर तिची चिखलाची पावलं सरळ गादीपर्यंत उमटली. गादीला वळसा घालून तिने मागच्या नगारखान्यातलं टिपरू उचललं आणि नगाऱ्यावर घातलं. घालतच राहिली. आणि प्रत्येक ठोक्याला हाक मारत राहिली, "रायजी! रायजी! रायजी!"

तिन्ही आळ्या टेकडीकडे धावल्या. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, परातीतलं पीठ तसंच टाकून. शेवटचा माणूस चढला आणि बांध गेला. आवाज असा झाला म्हणे, की नगारा त्यात बुडाला. पण ठकूचा हात थांबला नाही. तो राजांनी स्वतः धरून थांबवला.

संध्याकाळच्या आत पाणी उतरलं. बांध दोन्ही बाजूंनी साफ वाहून गेला होता. मधे फक्त एका माणसाच्या रुंदीचा तुकडा उभा होता. त्याला पाठ लावून रायजी उभा होता. छातीपर्यंत गाळात, डोळे उघडे.

लोक म्हणाले, बिचाऱ्याला नगारा ऐकू गेला नसेल. ठकू म्हणाली, "गेला. नगारा झाल्यावरही आळ्या रिकाम्या व्हायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. मला दिलेला शब्द त्यांनी पहिल्यांदाच मोडला."

दुसऱ्या दिवशी सदर भरली. बैठकांवर अजून गाळ होता. आणि सांगताना आबाजींचा आवाज इथे खाली जातो. सदरेवर पहिला प्रश्न काय निघाला? तर, नगाऱ्याला हात लावल्याचा आरोप बाईवर आधी कुणी ठेवायचा. किल्लेदाराने, की सरनौबताने.

राजे बराच वेळ बघत राहिले, जणू या माणसांना आजच पाहत होते. मग त्यांनी रीत मोडून एकेकाला विचारलं, बांधाचं तुम्हाला कधी कळलं? सर्वांत आधी चोपदाराला. मग कोतवालाला, मग पोतनिसाला. असं वर वर येत शेवटी उरले राजेच.

"म्हणजे जो जितका वर, त्याला तितकं उशिरा," राजे म्हणाले. "आणि मी सगळ्यांत वर."

ते गादीवरून उतरले, सातही बैठका उतरले आणि जोड्यांच्या फरशीवर ठकूसमोर उभे राहिले. काय हवं ते माग, म्हणाले. जमीन, गाव, काहीही.

ठकू त्यांच्याशी बोललीच नाही. ती चोपदाराकडे वळली. "काल नाव विचारलं होतं तुम्ही. लिहून घ्या. रायजी."

ते नाव मानाच्या विड्यांच्या यादीत सगळ्यांच्या वर लिहिलं गेलं. राजांच्याही.

बांधाचा तो तुकडा आजही रानात एकटाच उभा आहे. त्याला 'पाठ' म्हणतात, आणि नांगर त्याला वळसा घालून जातो. आजही दसऱ्याला जांभुळगडच्या सदरेवर पहिली ललकारी होते ती, "रायजी पाटकरी!" अशी. ओ द्यायला कुणी नसतं. विडा जोड्यांपाशी ठेवतात. मंत्री असोत, राजांचे वंशज असोत, सगळे उभे राहतात. मग गावात सर्वांत शेवटी लग्न होऊन आलेली सून पाटातल्या चिखलात पाय भरवते, पांढऱ्या बिछायतीवरून सरळ चढत जाते आणि कुणाच्याही शब्दाची वाट न बघता नगारा वाजवते.

फरशीपाशी आबाजी काठी घेऊन उभे असतात. सून जवळ आली, की मान खाली घालून बाजूला होतात. त्या दिवशी आजही चोपदार कुणाला नाव विचारत नाही.