म्हशीच्या गळ्याइतके पाणी

वस्तूंना वाचा होती त्या काळी मौक्तिका नावाची शिडाची नौका खाडी ओलांडून प्रथमच एका संथ नदीत शिरली. लाटा नाहीत, वादळ नाही. प्रत्येक वळणापलीकडे नवे रान, नवे पक्षी! ती हरखून गेली.

"थांब, बाळ. आधी मला तळ चाचपू दे," तिच्यावरचा खोली मोजणारा बांबू म्हणाला.

"आजोबा, तुम्ही चाचपत बसलात, तर सूर्य मावळेल! ती म्हैस पाहा. एवढे थोरले जनावर गळ्यापर्यंत बुडाले आहे. तिथे पाणी खोलच असणार!"

"येथे भरती येत नाही. रुतलीस, तर कायमची रुतशील."

मौक्तिकेने शीड फुगवले आणि ती म्हशीकडे झेपावली. तिची चाहूल लागताच म्हैस सावकाश उठून उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंतच होते.

"अगं बाई, ही तर बसली होती!" मौक्तिका किंचाळली. "आजोबा, धावा!"

बांबूने चिखलात पाय रोवला, सारे अंग वाकवले आणि नौकेला खोल प्रवाहाकडे वळवले.

समोर आणखी एक वळण दिसत होते. मौक्तिका उतावीळ झाली होती, तरीही तिने शीड सैल सोडले आणि म्हटले, "आजोबा, आधी तुम्ही उतरा. पण जरा लवकर हं!"