मागच्या दारची वेल

एक होती कोंडाई. राजा नाही, राणी नाही, नुसती कोंडाई. डोंगराच्या पायथ्याला तिचं घर, आणि घरात तिची एकुलती एक लेक, सगुणा. गावात कुणाला ताप आला की कोंडाई पाटी घेऊन डोंगराकडे निघायची. परत यायची ती ठेचलेलं औषध पदराखाली झाकून. मग सगुणा ते रात्रभर भिजत घालायची, सकाळी पाणी निम्मं होईपर्यंत उकळायची आणि गाळून द्यायची. कडू जहर, बरं का! पण ताप पळायचा.

"आई, हे कशाचं गं?" सगुणा विचारी.

"नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, बाई. माझी वेळ आली की तुझ्या कानात सांगेन."

मग एकदा काय झालं, कोंडाईलाच ताप भरला. असा भरला, असा भरला की तिची वाचाच गेली. आता नाव कसं सांगणार?

तिने हात उचलला आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. सगुणाला वाटलं, आईला वारा लागतोय. तिने दार लावून घेतलं. कोंडाईने पुन्हा बोट दाखवलं. सगुणाला वाटलं, तहान लागली. तिने दाराजवळच्या रांजणातलं पाणी पाजलं. मग कोंडाईने तिसऱ्यांदा बोट दाखवलं. "डोंगरावर जाऊ का, आई?" म्हणत बिचारी धावत सुटली. कोंडाई नको नको म्हणून मान हलवत होती, पण लेकीने मागे वळून पाहिलंच नाही.

दिसेल तो पाला ओरबाडून ती परत आली. तोवर कोंडाई गेली होती. डोळे मागच्या दाराकडेच होते.

मग माणसं कोंडाईला घेऊन गेली. परत आल्यावर त्यांना दारात चावायला कडुलिंबाचा पाला लागतो ना, तो तोडायला सगुणा मागच्या दारी गेली. बघते तर काय! लिंबावर हिरवीगार वेल. वेलीवर विळ्याचे ताजे घाव, आणि बुंध्याशी सुकलेलं हळदकुंकू. काखेत कळसा नि गावाला वळसा! सगुणा वेलीला मिठी मारून रडली, रडली. तिच्या डोळ्यांतलं पाणी वेलीवर पडलं आणि वेल बोलली. तेव्हा बोलायच्या वेली.

"मी गुळवेल. तुझी आई डोंगराकडे जायची ती नुसती दाखवायला. फिरून इथेच यायची. मला विचारल्याशिवाय कधी कापलं नाही हो तिने."

"तुझं नाव सांगितलं तर गुण जाईल?"

"कशाला जाईल? मी काय रुसणारी पाहुणी आहे?"

सगुणाला उमगलं. म्हणजे आई उगीचच गेली!

मग तिने डोळे पुसले. दारोदार वेलीचे तुकडे वाटले, कसं ठेचायचं, कसं उकळायचं ते दाखवलं आणि नावही सांगितलं. घरोघर वेल चढली. पोरं तापातून उठून अंगणात खेळू लागली. गाव सुखात राहिलं, सगुणाही राहिली. पण मागचं दार तिने पुन्हा कधी लावलं नाही.

मिटा आता डोळे. आणि दुखलं खुपलं तर तोंडाने सांगा रे बाळांनो, लपवू नका.